दोन थेंब आणि एक खांदा

आमचं घाटंजी देशाच्या बातम्यांत क्वचितच येतं. ३१ जानेवारी २०२१ ला आलं. तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालील १२ मुलांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात हलवावं लागलं. सुदैवाने मुलं बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. पण कारवाई वेगळी आणि नुकसानभरपाई वेगळी. कोणी निलंबित झाल्याने आईबापांच्या हातात काही पडत नाही. (मी कॉन्व्हेंटची, मराठी सांभाळून घ्या!)

भरपाई मागायची तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : चूक झाली, इजा झाली, आणि ती इजा त्याच चुकीने झाली. सॅनिटायझरमध्ये चूक उघड आहे. खरी पंचाईत खांद्याची. दंडातलं इंजेक्शन खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली द्यायचं असतं. फार वर दिलं तर सांध्याजवळ सूज येऊन हात महिनोन्‌महिने वर जात नाही. पण "सुईने दुखतंच" म्हणून आपण सोडून देतो.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लसीच्या इजेला भरपाई आहे. २०१७ मध्ये त्यात खांदाही आला. आधी खांदा ठीक होता, दुखणं ४८ तासांत सुरू झालं आणि सहा महिन्यांहून जास्त टिकलं, तर कोणाची चूक सिद्ध न करताही दावा चालतो. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविड लसीबाबत केंद्राने सुप्रीम कोर्टात दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला. ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येतं, पण पैसे मोजलेल्या सेवेसाठी. सर्वांना फुकट मिळणारी सेवा १९९५ च्या निकालानुसार त्यात बसत नाही. म्हणजे गरिबाची लस फुकट, आणि सोपं दारही बंद!

म्हणून होस्टेलवाल्यांनो, लस जरूर घ्या. पोलिओ देशातून गेला तो लसीनेच. फक्त कार्डावर तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर आणि कोणता हात हे लिहून घ्या. दोन दिवसांत खांदा अडला तर डॉक्टरांना दाखवून केसपेपरवर नोंद करा. कोर्टात दुखणं दिसत नाही, कागद दिसतो.

आणि आपल्या इंजिनिअरांसाठी एक गोष्ट. पोलिओच्या बाटलीवर उष्णतेने रंग बदलणारा चौकोन असतो. थेंब देण्याआधी तो बघायचाच असतो. सॅनिटायझरच्या बाटलीवर तो नसतो. चूक पकडणारी युक्ती लेबलवर होती. बघणारे डोळे हवेत.