लोहासाठी जंतूंची लूट

भैरवगढच्या रहिवाशांस लोखंडाचा काळा रंग नवा नाही. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवून केलेला रंग हिरडा दिलेल्या कापडावर पडला की काळा उठतो. हिरड्यातील तुरट द्रव्य लोखंडास घट्ट धरते म्हणून. अशीच पकड रोगजंतूही वापरतात, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते.

आपल्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. बहुतेक तांबड्या पेशींत. जंतूस वाढावयास लोह हवेच, परंतु रक्तात मोकळे लोह जवळजवळ नसतेच. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन ते धरून बसलेले असते. जंतूंमुळे ताप आला की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक सोडते, आणि आतड्यातून व साठ्यातून रक्तात येणारे लोह अडते. चोराची चाहूल लागताच कोठीस कुलूप घालावे, तसेच हे.

जंतूही काही कमी नाहीत. कोणी तांबड्या पेशीच फोडतात. कोणी सायडेरोफोर नावाचे सूक्ष्म आकडे बाहेर सोडून लोह हिसकावतात आणि आकड्यासकट परत आत ओढतात. यांतील कित्येकांची पकड हिरड्याच्याच धर्तीची! शरीराचे एक प्रथिन असे आकडे वाटेतच गाठते. पण विषमज्वराचा जंतू आपल्या आकड्यावर साखर चढवतो आणि निसटतो. ही लबाडी आम्हांस सर्वांत नवलाची वाटते.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. त्या प्लेगच्या जंतूपाशीही असाच आकडा असतो. प्रयोगशाळेत त्याची एक दुबळी जात वापरतात. तिला लोह नीट मिळवता येत नाही. २००९ साली शिकागोत तिच्यावर काम करणारा एक संशोधक त्याच जंतूने दगावला. त्याच्या शरीरात आनुवंशिक विकाराने लोह साचले होते, हे शवपरीक्षेत कळले. दुबळ्या जंतूस तेथे आयते लोह मिळाले असावे, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे.

म्हणून पंडुरोगावरील लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत; त्या लागतातच. तापात मात्र डॉक्टरांस विचारावे. थॅलेसेमियाच्या मुलांत वारंवार रक्त दिल्याने लोह साचते. अशा मुलास ताप व पोटदुखी झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि लोह उतरविण्याचे औषध चालू असल्यास ते प्रथम सांगावे. कारण त्यांपैकी डेफेरॉक्झामिन हे मुळात मातीतील एका जिवाणूचाच आकडा असून, प्लेगच्या जंतूचा एक भाऊबंद तो लोहासकट पळवितो.