कारागिराची वही : कामाचे नियोजन आणि आढावा

आपल्यापैकी अनेक व्यापाऱ्यांची व कारागिरांची एक तक्रार असते. वर्षभर काम असते, रात्री जागून काम करतो, तरी हंगाम संपल्यावर हातात काही राहत नाही. याला लोक नशीब म्हणतात. आमचा कापडाच्या धंद्यातला तजुर्बा सांगतो की, यातील बराच भाग नशिबाचा नसून हिशेबाचा आहे.

नियोजनाची पुस्तके आम्हीही चाळली. त्यात सकाळी ९ ते १० अमुक, १० ते ११ तमुक, असे तक्ते असतात. एका वर्षी आम्ही जाड डायरी आणली, पंधरा दिवस लिहिली आणि ठेवून दिली. कारखान्यात यंत्राचा वेग ठरलेला असतो, म्हणून तेथे असा तक्ता चालतो. जरीकाम करणारा, शिवणकाम करणारा, ठसे कोरणारा किंवा कातिब यांचे काम निराळे आहे. एक नक्षी दोन तासांत सुचते, दुसरी चार दिवस सुचत नाही. अशा माणसाला तासांचा तक्ता दिला, तर पहिल्या आठवड्यातच तो मोडतो आणि मग माणूस नियोजनच सोडून देतो. ही त्याहून मोठी चूक आहे.

एका हंगामाची गोष्ट

सन २०१६ मध्ये ईद-उल-फित्र ७ जुलैला होती. आमच्याकडे दुपट्टे व गळे भरून देणारे एक जरी कारागीर आहेत. त्यांनी त्या वर्षी अकरा दुकानदारांचे काम घेतले. दबका, कटदाणा, सितारे रोखीने घ्यावे लागतात, म्हणून घरातील बांगड्या गहाण टाकल्या. शाबानचा अर्धा महिना गेला तेव्हा निम्मेही काम झाले नव्हते. तीन दुकानदारांनी उशिरा आलेला माल परत केला. त्या उशिरात आमचाही वाटा होता, हे कबूल केले पाहिजे. आम्ही खाका उशिरा दिला आणि काम अड्ड्यावर चढल्यानंतर दोनदा बदल सांगितले.

ईदनंतर आम्ही दोघे हिशेबाला बसलो. जरीकामात मजुरी नफरीवर मोजतात. एक नफरी म्हणजे साधारण आठ तासांचे काम. त्यांनी एका दुपट्ट्याला सहा नफरी धरल्या होत्या, प्रत्यक्षात नऊ लागल्या. वाढलेल्या तीन नफरी कशात गेल्या? खाका टोचणे, कापडावर छापणे, अड्डा ताणणे, तुटलेला टाका दुरुस्त करणे, माल पोहोचवणे. ही कामे ते रोज करीत होते, पण अंदाजात ती कधी धरलीच नव्हती. त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती येथे देत आहोत.

१) तास नको, नफरी लिहा. काम घेताना अंदाजाच्या नफरी लिहाव्यात आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष लागलेल्या नफरी त्याच्याच शेजारी लिहाव्यात. दहा-बारा कामे झाली की आपला अंदाज किती चुकतो, हे आपल्यालाच कळते. शिंप्याने नग मोजावेत, ठसे कोरणाऱ्याने ठसे मोजावेत. माप आपल्या धंद्याचे असावे.

२) वर्षाचे नियोजन ईदपासून मागे मोजा. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०१६ मध्ये ७ जुलैला असलेली ईद २०२५ मध्ये ३१ मार्चला आली. म्हणून गेल्या वर्षीच्या इंग्रजी तारखा पाहून काम धरू नये. माल शाबान लागण्यापूर्वी दुकानात हवा असेल, तर रबी-उस-सानीमध्ये नमुना तयार व्हावा, जमादि-उल-अव्वलमध्ये खाका पक्का व्हावा आणि जमादि-उस-सानी व रजब हे दोन महिने अड्ड्याला मिळावेत. लग्नसराई मात्र ऋतूंप्रमाणे चालते. ईद पावसाळ्यात होती तेव्हा ती रिकामे महिने भरून काढीत असे. ती हिवाळ्या-उन्हाळ्याकडे सरकली की ईदचे व लग्नाचे काम एकाच वेळी अंगावर येते आणि पावसाळा रिकामा जातो. हे आधी ओळखले, तर पावसाळ्यात नवे नमुने काढता येतात. फक्त जरीला ओल लागू देऊ नये, ती काळवंडते.

३) सहा दिवसांपैकी चारच दिवसांचा शब्द द्या. एक दिवस दुरुस्ती, आजारपण व वीज जाणे यासाठी ठेवावा. एक दिवस नव्या नक्षीसाठी ठेवावा. नक्षी हुकमावर सुचत नाही हे खरे, पण तिच्यासाठी जागाच ठेवली नाही, तर ती कधीच सुचणार नाही आणि आपण दुसऱ्याचे नमुने उतरवीत राहू.

४) आठवड्याचा आढावा शुक्रवारी घ्या. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, आपल्या अनेक अड्ड्यांवरही सुटी असते. जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास पुरे. तीनच प्रश्न विचारावेत : काय पूर्ण झाले? अंदाज कोठे चुकला? कोणाकडून पैसे यायचे आहेत? हा आढावा स्वतःला किंवा शागिर्दाला रागावण्यासाठी नाही. रागावणे सुरू झाले की वही बंद पडते.

५) हंगाम संपल्यावर नफरीमागे काय मिळाले ते काढा. समजा, एक दुपट्टा ४,५०० रुपयांना गेला, सामान १,३५० चे लागले, उरले ३,१५०. नफरी नऊ, म्हणजे एका नफरीला ३५० रुपये. एक गळा १,३०० ला गेला, सामान ३०० चे, उरले १,०००. नफरी दोन, म्हणजे एका नफरीला ५०० रुपये. लोक वाहवा दुपट्ट्याची करतात, पण घर गळा चालवतो. दुपट्टा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. त्याची किंमत वाढवा किंवा मोजकेच करा.

६) उधारीची तारीख कागदावर घ्या. सन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. उद्यम नोंदणीला फी नाही. ती करून घ्यावी आणि बिलावर नोंदणी क्रमांक घालावा.

आम्हा व्यापाऱ्यांनाही दोन शब्द. कारागिराचे नियोजन बहुधा आपणच मोडतो. खाका वेळेवर द्यावा. काम अड्ड्यावर चढल्यानंतर बदल सांगितला, तर त्याच्या नफरी आपण भराव्यात. जकातीचा हिशेब आपण वर्षातून एकदा काळजीपूर्वक करतो. त्याच बैठकीत कोणत्या कारागिराचे पैसे आपल्याकडे अडकले आहेत, तेही पाहावे.

त्या कारागिरांनी पुढच्या वर्षी अकराऐवजी सात दुकानांचे काम घेतले. चार दुकानदार नाराज झाले, त्यांपैकी दोघे परत आले. माल वेळेवर गेला. बांगड्या सुटायला मात्र दोन हंगाम लागले. वही आजही त्यांची मुलगी लिहिते, कारण त्यांना फक्त उर्दू येते आणि दुकानदारांना मराठी हिशेब हवा असतो. ती शाळेची साधी वही आहे. आपल्या घरात अशी एखादी अर्धी कोरी वही नक्की असेल. येत्या शुक्रवारी ती काढा आणि हातात असलेल्या एकाच कामाच्या नफरी लिहून सुरुवात करा.