मोठा गाळा घ्यायचा की गाडी थांबते तो गाळा? धर्माबादच्या हेल्मेट दुकानाचा हिशोब



मागच्या भागात आपण दुकानाच्या जागेबद्दल बोललो, त्यावर धर्माबादहून एका दुकानदाराचा प्रश्न आला. हेल्मेट, रेनकोट, हातमोजे, सीट कव्हर, मोबाईल होल्डर असा सगळा माल. सध्याचा गाळा आठ बाय दहाचा, गल्लीत आत, भाडं ३,००० रुपये. हाताशी अडीच लाख जमलेत. समोर दोन गाळे आहेत. एक ऐन बाजारात, बारा बाय अठराचा, भाडं ९,००० आणि डिपॉझिट एक लाख. दुसरा गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याला, गॅरेजच्या शेजारी, दहा बाय पंधराचा, भाडं ६,०००, डिपॉझिट पन्नास हजार. घरचे म्हणतात बाजारातला घे, तिथं गर्दी आहे. तुमचं काय मत?

माझं मत सांगतोच, पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. गर्दी आणि गिऱ्हाईक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साडीच्या दुकानाला चालत्या माणसांची गर्दी लागते. तुमचं गिऱ्हाईक गाडीवर बसलेलं असतं. ते गाडी कुठं थांबवतं, कुठं स्टँडवर लावतं आणि कुठं दहा मिनिटं निवांत उभं राहतं, तुमची जागा तिथं पाहिजे. ऐन बाजारात त्याचं सगळं लक्ष गाडी कुठं लावू यात असतं. मागून ऑटोवाला हॉर्न देतोय, पुढं हातगाडी आडवी आहे, अशात कोण हेल्मेट घालून बघणार? शिवाय सीट कव्हर, लेगगार्ड, मोबाईल होल्डर जागेवर बसवून द्यावं लागतं. त्यासाठी शटरसमोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा हवी. ती जागा गाळ्याच्या मालकीची आहे की रस्त्याची, हे आजच विचारा. नाहीतर नगरपरिषदेनं अतिक्रमण काढलं की तुमचं अर्धं दुकान गेलं.

धर्माबादचं गणितही जरा वेगळं आहे. लाल मिरचीची मोठी बाजारपेठ, मोंढ्यात माल घेऊन येणारा शेतकरी, रेल्वे स्टेशन, आणि तेलंगणाची हद्द लागूनच, बासरकडून येणारी-जाणारी माणसं. यातला बराचसा माणूस बाहेरगावचा. सकाळी गावात येतो तेव्हा घाईत असतो. माल लावायचा, बँक गाठायची, औषध घ्यायचं. खरेदी होते ती परत निघताना, खिशात पैसे आल्यावर. म्हणून गावाबाहेर निघताना डाव्या हाताला लागणारं दुकान उजव्या हाताच्या दुकानापेक्षा जास्त चालतं, कारण रस्ता ओलांडावा लागत नाही. तुमचा दुसरा गाळा कोणत्या हाताला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी बघा.

शेजार कोण, हेही बघा. पुण्यात टू-व्हीलरचं सामान म्हटलं की माणूस नाना पेठेत जातो, दिल्लीत करोल बागेत. तिथल्या दुकानदारांना शेजारी दुकान म्हणजे संकट वाटत नाही, कारण गिऱ्हाईक त्या सगळ्यांमुळं येतं. धर्माबादला नाना पेठ नाही, पण गॅरेज, शोरूम, स्पेअर पार्ट, पंक्चरवाला, पेट्रोल पंप यांच्या आसपास तेच काम छोट्या प्रमाणात होतं. गॅरेजमध्ये गाडी लावलेल्या माणसाला अर्धा तास काहीच काम नसतं. तो तुमच्या दुकानात येणारच.

पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका, मोजा. वही घ्या आणि दोन्ही गाळ्यांसमोर तीन दिवस बसा. एक बाजाराचा दिवस, एक साधा दिवस, एक रविवार. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी चार ते सात. जाणाऱ्या गाड्या मोजायच्या नाहीत, थांबणाऱ्या मोजायच्या. किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट आहे तेही टिपा. चार वाजता गाळ्यात ऊन कुठपर्यंत येतं ते बघा. पश्चिमेकडं तोंड असेल तर मराठवाड्याच्या उन्हात रेनकोटचा रंग उडतो, हेल्मेटच्या काचा खराब होतात आणि समोर मांडलेला माल सेलमध्ये काढावा लागतो. मिरचीच्या गाड्यांची ये-जा असलेल्या रस्त्याला गाळा असेल तर सीझनमध्ये एकदा उभे राहा. गिऱ्हाईक हेल्मेट घालून बघताना ठसक्यानं बेजार झालं तर विक्री काय होणार?

आता पैशाचा हिशोब. आकडे मी अंदाजानं धरतो, तुम्ही तुमचे घाला.

समजा तुम्हाला सरासरी १०० रुपयांच्या विक्रीमागं २५ रुपये सुटतात. बाजारातला गाळा घेतला तर भाडं ६,००० नं वाढलं. लाईट बिल १,००० नं वाढलं. एवढं मोठं दुकान एकट्याला सांभाळत नाही, पोरगा ठेवावा लागेल, त्याचे ८,०००. झाले १५,०००. फर्निचर, पाटी, वायरिंग, सामान हलवणं यात एक लाख जातील, ते परत येणार नाहीत. तीन वर्षांत वाटले तर महिन्याला साधारण २,८००. एकूण १७,८००. हे भरून काढायला, २५ टक्क्यांनी, महिन्याला ७१,००० रुपयांची जास्तीची विक्री हवी. २६ दिवस धरले तर रोज सुमारे २,७४० रुपये. आणि लक्षात घ्या, ही आजच्या विक्रीच्या वर. एवढी झाली तरी तुम्ही आज जिथं आहात तिथंच राहता, खिशात एक रुपया जास्त येत नाही.

दुसऱ्या गाळ्याचं बघा. भाडं ३,००० नं वाढलं, लाईट ५०० नं. पोरगा लागत नाही. एकरकमी खर्च सत्तर हजार धरा, महिन्याला साधारण १,९५०. एकूण ५,४५०. म्हणजे महिन्याला २१,८०० ची जास्तीची विक्री, रोज साधारण ८४० रुपये. रोज एक जास्तीचं हेल्मेट. फरक दिसला?

मोठ्या गाळ्यात अजून एक खड्डा आहे. रिकामी फळी डोळ्यांना टोचते, म्हणून दुकानदार उधारीवर माल भरतो. हेल्मेटमध्ये हे फार लवकर होतं. एक मॉडेल, तीन रंग, तीन साईज, झाले नऊ नग. नग ९०० ला पडला तर ८,१०० रुपये एका मॉडेलमध्ये अडकले. दहा मॉडेल म्हणजे ८१,०००. डिपॉझिट एक लाख, खर्च एक लाख, माल ८१,०००. अडीच लाख संपले आणि वर एकतीस हजारांची उधारी झाली. पावसाळ्यात रेनकोट कशावर भरणार? ज्या साईज रोज जातात त्या ठेवा, बाकी मागवून देतो म्हणा. आपल्या सीमाभागातल्या बेळगावात वेगासारखी हेल्मेट कंपनी आहे. नांदेडच्या डीलरकडून अमुक मॉडेल किती दिवसांत येतं हे विचारून ठेवलं की निम्मा साठा तुमच्या दुकानात नाही, डीलरच्या गोडाऊनमध्ये राहतो.

जाता जाता, १ जून २०२१ पासून दुचाकीचं आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे. फुटपाथवाला २५० ला टोपडं विकतोय म्हणून तुम्ही त्याच्या मागं जाऊ नका. नव्या दुकानात ते वेगळेपण दिसलं पाहिजे.

आता करार. बरेच दुकानदार इथं मार खातात. मालक म्हणतो, ११ महिन्यांचा कागद करू, पुढं बघू. तुम्ही लाखभर रुपये फर्निचरमध्ये घालता, जागा नावारूपाला आणता, आणि बाराव्या महिन्यात भाडं दीडपट होतं किंवा मालकाच्या पुतण्याला तोच गाळा हवा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असं म्हटलंय, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकलीय. तेव्हा बाराशे रुपये वाचवायला साध्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. किमान तीन वर्षं, जमलं तर पाच. दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार तो आकडा. गाळा खाली करायला किती महिन्यांची नोटीस, दोन्ही बाजूंनी. डिपॉझिट किती दिवसांत परत. फर्निचर कोणाचं. वीजमीटर कोणाच्या नावावर, थकबाकी आहे का. आणि रस्ता रुंदीकरणात गाळा जातोय का, हे नगरपरिषदेत आणि बांधकाम विभागात तोंडी का होईना विचारून या.

कधी हलायचं? पावसाळ्यात अजिबात नाही, तो तुमच्या रेनकोटचा सीझन. पितृपक्षात नवी गाडी कोणी घेत नाही, बाजार थंड असतो. करार त्याआधी उरकून घ्या, पंधरवड्यात फर्निचर आणि वायरिंगचं काम चालू द्या, आणि घटस्थापनेला शटर उघडा. दसऱ्याला नव्या गाड्या निघतात, मग सोयाबीनचा पैसा, मग दिवाळी. नव्या जागेचं भाडं पहिल्या दिवसापासून सुरू होतं, त्यामुळं पहिले दोन महिने कमाईचेच असले पाहिजेत.

हलण्याआधी उधारी वसूल करा. ज्याच्याकडं तुमचे पैसे आहेत त्याला तुमचं नवं दुकान कधीच सापडत नाही!

जुनं गिऱ्हाईक मात्र सापडवावं लागतं. बिलबुकातले मोबाईल नंबर काढा, नव्या शटरचा फोटो आणि जवळची खूण व्हॉट्सॲपवर पाठवा. जे मिस्त्री तुमच्याकडं माणसं पाठवतात त्यांना फोन नको, स्वतः जाऊन सांगा. गूगल मॅपवर नवीन नोंद करू नका, जुन्याच नोंदीचा पत्ता बदला म्हणजे जमलेले रिव्ह्यू राहतील. आणि जुन्या गाळ्यात पुढं कोण येतंय यावर डोळा ठेवा. तिथं दुसरा हेल्मेटवाला बसला तर तुमची सगळी ओळख त्याला फुकट मिळाली. झेरॉक्स किंवा मोबाईल रिचार्जवाला भाडेकरू तुम्हीच मालकाला शोधून द्या, आणि दोन महिने शटरशेजारी तुमचा फलक राहील एवढं बोलून घ्या.

कागदपत्रं थोडक्यात. जीएसटी नंबर असेल तर पत्ता बदलल्यापासून १५ दिवसांत पोर्टलवर बदलाचा अर्ज करायचा. पाटीवर जीएसटी नंबर लागतो. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि ती अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत, हे २०२२ पासून लहान दुकानांनाही लागू आहे. तिच्याखाली एक ओळ तेलुगूत जरूर लिहा. धर्माबादला ती ओळ भाड्याचे पैसे काढून देईल.

तर माझं मत, मोजणीत काही उलटं निघालं नाही तर, दुसरा गाळा. पन्नास हजार डिपॉझिट, सत्तर हजार खर्च, उरले एक लाख तीस हजार. त्यातले पन्नास हजार बँकेतच ठेवा. उघडल्यावर गल्ल्याशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक बिलासमोर एक अक्षर लिहा: जुनं गिऱ्हाईक असेल तर 'जु', गॅरेजमधून आलेलं 'गॅ', रस्त्यानं जाताना थांबलेलं 'र'. दिवाळीनंतर ती पानं मोजून मला कळवा.