छोटा कॅम्पिंग ट्रेलर : वेल्डिंगआधी वजनाचा हिशोब

महाड व पोलादपूर भागात ग्रिल, गेट आणि पत्र्याच्या शेडची कामे करणारी वर्कशॉप पुष्कळ आहेत. आखातात वेल्डिंग-फिटिंगचे काम करून परतलेले कसबी हातही कमी नाहीत. महाडहून रायगड किल्ल्याकडे, वरंध घाटाने भोरकडे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे पर्यटक जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या कॅरव्हॅन पर्यटन धोरणात कॅम्पर ट्रेलरलाही स्थान आहे. तेव्हा मोटारीमागे ओढून नेता येईल असा दोघांच्या झोपण्यापुरता ट्रेलर आपल्या वर्कशॉपमध्ये बनविता येईल काय, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

बनविता येईल, पण पाईप कापण्याआधी दोन कामे कागदावर झाली पाहिजेत.

पहिले काम वजनाचे. ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच पेटी घेऊ. पुढे ४ फुटांची दांडी. ४० बाय ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप मीटरला सुमारे साडेतीन किलो भरतो. चौकट, आडव्या पट्ट्या व दांडी मिळून साधारण १६ मीटर पाईप लागेल, म्हणजे सुमारे ५५ किलो. ॲक्सल, पाटे व चाके ९० किलो धरा. तळाला १२, बाजूंना ९ आणि छताला व पुढच्या-मागच्या अंगाला ६ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लाय वापरल्यास १०० किलो. वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, दार, खिडकी ५० किलो. गादी, पाणी, बॅटरी व सामान ८० किलो. एकूण ३७५ किलो. मजबुतीच्या नावाखाली सगळीकडे १८ मिलिमीटर प्लाय ठोकला तर शंभरावर किलो विनाकारण वाढतात.

आता ॲक्सलची जागा. भार सारखा पसरला असेल तर वजनाचा मध्य पेटीच्या मधोमध, म्हणजे हुकापासून ८ फुटांवर येतो. ॲक्सल नेमके तेथेच बसविले तर हुकावर भारच राहत नाही, आणि वेगात ट्रेलर मागून डुलू लागतो. म्हणून ॲक्सल त्या मध्याच्या १ फूट मागे घ्यावे. मग हुकापासून ॲक्सल ९ फुटांवर येते व हुकावर एकूण वजनाचा नववा हिस्सा, सुमारे ४२ किलो पडतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा, हा सर्वमान्य नियम आहे. सामान भरल्यावर दांडीचे टोक हुकाच्या उंचीवर वजनकाट्यावर टेकवून खात्री करून घ्यावी.

आपला मुलूख घाटांचा आहे. १५ फुटांना १ फूट उतार असेल तर हा ट्रेलर मोटारीला सतत २५ किलोच्या जोराने पुढे ढकलतो. ब्रेक दाबल्यावर हा जोर आणखी वाढतो. म्हणून मोटारीच्या माहितीपुस्तकात ओढण्याची मर्यादा किती दिली आहे ते आधी पाहावे. मर्यादा दिली नसेल किंवा मनाई असेल तर त्या मोटारीला हुक लावू नये. हुकाबरोबर सुरक्षेची साखळी हवीच. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवू नये.

कोकणच्या पावसाचाही विचार हवा. छताला मागे उतार द्यावा, पत्र्याचे सांधे सीलंटने भरावेत, प्लायच्या कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत. समोरासमोर दोन झरोके नेहमी उघडे राहतील असे ठेवावेत. गॅसची शेगडी मागच्या झडपेखाली, बाहेरच्या बाजूस असावी. बंद पेटीत शेगडी पेटविणे जिवावर बेतते.

दुसरे काम परवान्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्यामुळे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीआधी नमुन्याच्या मान्यतेचा प्रश्न येतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत वाहनांच्या नमुन्यांची तपासणी होते. आपला आराखडा, मापे व वजनाचा तक्ता घेऊन प्रथम पेण येथील परिवहन कार्यालयात जावे आणि काय काय लागेल ते लेखी विचारावे. हे न करता बांधलेला ट्रेलर अंगणात पडून राहतो व त्यात अडकलेले भांडवलही.

ज्याची ऐपत मान्यतेच्या खर्चाइतकी नाही, त्याने निराश होऊ नये. अशीच पेटी चाकांऐवजी चौथऱ्यावर ठेवून आंब्याच्या बागेत मुक्कामाची खोली म्हणून देता येते. स्थानिक परवानग्या मात्र घ्याव्यात. जागा नदीकाठची नको. २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये पाणी कोठवर चढले होते हे गावात विचारूनच चौथरा बांधावा.

आमचा सल्ला इतकाच, की पहिला नमुना विकण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी करावा, कर्ज काढून करू नये आणि प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी तोलून वहीत लिहावा. दुसऱ्या ट्रेलरचा भाव ठरविताना हीच वही उपयोगी पडेल.