रिकाम्या बारदानाचा हिशेब आणि रेडिओ टॅग

व्यापारात मालाचा हिशेब सगळेच ठेवतात. माल ज्यात भरून जातो त्या बारदानाचा हिशेब मात्र फार थोडे लोक ठेवतात. नागपूरच्या कळमना बाजारातून संत्री बाहेरगावी जातात, त्यांचे पैसे खात्यावर जमा होतात. पण ज्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ती गेली त्या किती परत आल्या, किती कोणाकडे अडकल्या, हे विचारले तर मुनीमजी वही चाळू लागतात. लाकडी पेटी किंवा पुठ्ठ्याचे खोके एका खेपेत संपत असे, तेव्हा हा प्रश्न नव्हता. क्रेट वर्षानुवर्षे टिकते आणि म्हणूनच तिचा माग ठेवावा लागतो. या कामासाठी आज आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखण्याचे तंत्र उपलब्ध आहे. ते काय आहे, त्यातून काय मिळते आणि आमच्या व्यापारी बांधवांनी त्यावर पैसा केव्हा घालावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

तंत्र काय आहे?

या पद्धतीत तीन भाग असतात. पहिला टॅग. त्यात एक बारीक चिप व तिला जोडलेली धातूची तार असते आणि चिपमध्ये एक क्रमांक असतो. दुसरा रीडर. तो अँटेनामधून लहरी सोडतो. साध्या टॅगला बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतूनच त्याला ताकद मिळते आणि तो आपला क्रमांक परत कळवतो. तिसरा भाग संगणक. कोणता क्रमांक कोणत्या फाटकावर किती वाजता दिसला याची नोंद तो ठेवतो.

आपल्या वाचकांनी हे तंत्र रोज पाहिलेले आहे. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग हा असाच बिनबॅटरीचा टॅग. भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवान्याच्या अटीतून मोकळा करण्यात आला. या पट्ट्यातील टॅग काही मीटरवरून वाचता येतो आणि एकाच वेळी अनेक टॅग वाचले जातात. बारकोडप्रमाणे प्रत्येक नग हातात घेऊन यंत्रासमोर धरावा लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. लोखंड या लहरी परतवून लावते आणि पाणी त्या शोषून घेते. संत्रे म्हणजे बहुतांशी पाणीच. म्हणून भरलेल्या क्रेटांच्या थप्पीच्या पोटातला टॅग चुकू शकतो, रिकाम्या क्रेट मात्र सहज वाचल्या जातात. टॅग क्रेटच्या बाहेरच्या कडेला बसवावा. लोखंडी पेटीसाठी तर धातूवर चालणारा वेगळा टॅगच घ्यावा लागतो.

न्हावाशेवाचा धडा

परत परत वापरायची सर्वांत मोठी पेटी म्हणजे जहाजाचा कंटेनर. अजनीच्या कंटेनर डेपोमुळे समुद्रापासून इतक्या लांबच्या नागपूरलाही ही पेटी ओळखीची झाली. कंटेनर बहुधा जहाज कंपनीचा असतो. माल उतरवून तो ठरलेल्या मुदतीत परत केला नाही, तर दर दिवसाचा दंड आयातदाराच्या माथी येतो. त्यामुळे पेटी या क्षणी कोठे आहे, हा प्रश्न थेट खिशाशी निगडित आहे.

पूर्वी याचे उत्तर ड्रायव्हरला आणि एजंटला फोन करून मिळवावे लागे. १ जुलै २०१६ पासून न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात लॉजिस्टिक्स डेटा बँक ही व्यवस्था सुरू झाली. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचे काम पाहणारी सरकारी संस्था आणि जपानची एनईसी कंपनी यांच्या भागीदारीतून ती उभी राहिली. कंटेनरला टॅग लावून त्याची सांगड कंटेनरच्या अंगावरील चार अक्षरे व सात आकड्यांच्या क्रमांकाशी घातली जाते. बंदराचे फाटक, कंटेनर यार्ड, टोलनाके अशा ठिकाणी रीडर बसविलेले असतात. व्यापाऱ्याने संकेतस्थळावर आपला कंटेनर क्रमांक टाकला की तो शेवटचा कोठे दिसला ते कळते. पुढे ही व्यवस्था देशातील इतर कंटेनर बंदरांतही गेली.

येथे एक फरक सांगितला पाहिजे. निर्यातदाराने स्वतःच्या कारखान्यात कंटेनर बंद करताना लावायचे इलेक्ट्रॉनिक सील सीमाशुल्क खात्याने २०१७ मध्ये आणले. तेही रेडिओ टॅगचेच आहे, पण ते एका खेपेपुरते. वाटेत कोणी पेटी उघडली का, हे पाहण्यासाठी ते असते. पेटीचा माग आणि पेटीचे कुलूप ही दोन वेगळी कामे आहेत.

न्हावाशेवाच्या योजनेत शिकण्यासारखी गोष्ट अशी की रीडर कोणा एका व्यापाऱ्याने बसविले नाहीत. ते सर्वांचे मिळून आहेत आणि खर्च असंख्य कंटेनरांवर थोडा थोडा वाटला जातो. याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे. वॉलमार्ट या बलाढ्य दुकान कंपनीने २००३ मध्ये आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना सांगितले की, जानेवारी २००५ पासून खोकी आणि पॅलेट टॅग लावूनच पाठवा. टॅगचा खर्च पुरवठादाराचा आणि सोय दुकानाची! पुरवठादारांनी कुरकुरत ते केले आणि योजना ठरल्याप्रमाणे पसरली नाही. ज्याला लाभ त्याने भार उचलावा, हा व्यवहाराचा नियम यंत्रालाही लागू आहे.

कागदावर आकडेमोड

आता आपल्या बाजाराकडे येऊ. खालील आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

समजा, एका व्यापाऱ्याच्या २,००० क्रेट आहेत आणि एका क्रेटची किंमत ३०० रुपये. हंगामात शेकडा १० क्रेट परत येत नाहीत, म्हणजे २०० क्रेट किंवा ६०,००० रुपये बुडाले. प्रत्येक क्रेटला ३० रुपयांचा टॅग बसविला तर ६०,००० रुपये, आणि गोदामाच्या फाटकावर रीडर, अँटेना व संगणक यांचे १,२०,००० रुपये. एकूण १,८०,०००. यामुळे नुकसान निम्म्यावर आले तर हंगामाला ३०,००० वाचतील. अंबिया आणि मृग असे दोन्ही बहार धरले तरी पैसे फिटायला सहा हंगाम, म्हणजे तीन वर्षे लागतील. दुरुस्ती निराळी. हा सौदा फारसा आकर्षक नाही.

आता असे दहा व्यापारी एकत्र आले, २०,००० सारख्याच क्रेट ठेवल्या आणि दोन फाटकांवर सामाईक रीडर बसविले असे धरू. टॅगचे ६,००,००० आणि रीडरचे २,४०,००० मिळून ८,४०,००० रुपये. बचत मात्र हंगामाला ३,००,०००. तीन हंगामांच्या आत पैसे वसूल! टॅग तोच, क्रेट तीच. फरक फक्त एकीचा.

टॅग घेण्यापूर्वी

टॅग क्रेटला ओळखतो, गिऱ्हाइकाला ओळखत नाही. क्रेट बाहेर जाताना ती कोणत्या पार्टीच्या नावे गेली, हे मुनीमाने बिल्टीप्रमाणे संगणकात भरले तरच नोंदीला अर्थ येतो. दिल्ली किंवा कोलकात्याच्या मंडईत आपला रीडर नसला तरी बिघडत नाही. आपल्या फाटकावरची जावक आणि आवक नीट असली की कोणाकडे किती क्रेट, किती दिवसांपासून, हे कळते.

दुसरे असे की टॅग क्रेटला परत आणत नाही. ती परत येते अनामत रकमेमुळे आणि करारामुळे. म्हणून आमची सूचना अशी की पहिल्या हंगामात यंत्रावर एक पैसाही खर्च करू नये. प्रत्येक क्रेटवर ठळक क्रमांक व मालकाचे नाव घालावे, दर क्रेटला अनामत ठरवावी, परतीची मुदत बिलावर छापावी आणि आवक-जावक वही चोख ठेवावी. एवढ्यानेच गळती थांबली तर उत्तम. नगसंख्या इतकी वाढली की मोजणीला माणसे पुरेनात, गाड्या फाटकावर खोळंबू लागल्या आणि भागीदार विश्वासाचे मिळाले, तर मग रीडरकडे वळावे. तेव्हाही आधी शे-दोनशे क्रेटांवर प्रयोग करावा, थप्पीतले किती टॅग चुकतात ते हाताने मोजून पाहावे आणि क्रमांक छापलेला ठेवावाच, कारण टॅग निखळतो.

ज्याची वही कच्ची आहे त्याचा संगणकही कच्चाच हिशेब सांगणार. पण ज्यांनी वही पक्की केली आणि शेजारच्या अडत्याला प्रतिस्पर्धी न मानता या एका कामात भागीदार मानले, त्यांच्यासाठी ही लहानशी चिप मोठा खर्च वाचवू शकते. कळमन्यातील आमच्या बांधवांनी येत्या बहाराआधी एकत्र बसून आपापल्या हरवलेल्या क्रेटांचा आकडा तरी एकमेकांसमोर मांडावा.