फोमच्या भिंती आणि कापडाची कातडी

(द्वितीय वर्ष, कला)

अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून नेता येणाऱ्या लहानशा घराला ट्रेलर म्हणतात. सुट्टीत डोंगरात किंवा तळ्याकाठी जायचे, रात्री त्यात झोपायचे आणि सकाळी पुढच्या मुक्कामाला निघायचे, असा हा प्रकार आहे. कारखान्यात तयार झालेला ट्रेलर महाग असतो आणि जडही असतो. म्हणून तिकडचे अनेक हौशी लोक तो घरामागच्या अंगणात स्वतःच्या हातांनी बांधतात. त्यातलीच एक निराळी जात म्हणजे घट्ट फोमचे तक्ते एकमेकांना चिकटवून केलेला, वरून कापड आणि रंग चढवलेला ट्रेलर. बांधणारे त्याला लाडाने 'फोमी' म्हणतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवीचे काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच.

या घराचा मूळ आकार जुना आहे. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत थेंबाच्या आकाराचे ट्रेलर दिसू लागले. पुढून गोल, मागे उतरत गेलेले, आत दोन माणसांना झोपण्यापुरती जागा आणि मागचे झाकण उचलले की छोटे स्वयंपाकघर! लांबी आठ फूट आणि रुंदी चार फूट, कारण प्लायवूडचा तक्ता तेवढाच मिळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकाने अशा ट्रेलरचे आराखडे छापले आणि पुष्कळ लोकांनी त्यांवरून आपापली घरे बांधली. ती प्लायवूडची असत, बाहेरून बहुधा अॅल्युमिनियमचा पत्रा. त्यांना दोन दुखणी होती. एक वजनाचे. दुसरे त्याहून वाईट: एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरे आणि पत्र्याखालचे लाकूड कुणाला न कळता कुजत जाई.

फोमने ही दोन्ही दुखणी बरीचशी घालवली. हा फोम म्हणजे आपण गणपतीच्या मखराला वापरत आलो तो मण्यामण्यांचा थर्माकोल नव्हे. दोन्हींचे मूळ द्रव्य पॉलिस्टायरिन हेच. पण हा फोम यंत्रातून सलग दाबून काढलेला असतो. त्याच्यातले हवेचे कप्पे बंद असतात, त्यामुळे पाणी फारसे शिरत नाही आणि कुजण्याचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत तो तक्त्यांत, घराच्या भिंतींना थंडीपासून वाचवण्यासाठी मिळतो. त्याचे एक घनमीटर भरते सुमारे 30 किलो. म्हणजे चार बाय आठ फुटांचा दोन इंच जाड तक्ता साडेचार किलोंच्या आसपास. अठरा मिलिमीटरचा प्लायवूडचा तेवढाच तक्ता तीस किलोंच्या वर जातो. थेंबाच्या आकाराच्या एका ट्रेलरची जमीन, छत आणि दोन्ही बाजू मिळून मी सुमारे 140 चौरस फूट धरले. त्याला दोन इंची फोम लागतो फक्त वीस किलो! चाके, लोखंडी चौकट, दार, गोंद, रंग यांचे वजन अर्थात निराळे. उष्णता अडवण्याच्या कामात हाच दोन इंची फोम विटांच्या तीन फुटांहून जाड भिंतीची बरोबरी करतो.

पण बोटाने दाबले तर खळगा पडावा अशा वस्तूचे घर ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीमागे टिकते कसे? याचे उत्तर खेड्यातल्या पोराला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. ज्वारीचे धाट घ्या. वरची साल सोलली तर आतले भेंड दोन बोटांत मोडते. नुसती सालही हवी तशी वाकते. पण साल भेंडाला धरून असते तोवर तेच धाट पाच-सहा हात उंच उभे राहते आणि कणसाचे ओझे पेलते. वस्तू वाकू लागली की तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या भागाला ताणही थोडा आणि दाबही थोडा. म्हणून ताकद बाहेर लागते. मधल्या हलक्या गाभ्याने एवढेच करायचे, की दोन्ही कातड्यांना एकमेकींपासून दूर धरायचे आणि घसरू द्यायचे नाही. कातड्या त्याच ठेवून गाभा दुप्पट जाड केला तर वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ चौपट होतो. भेंडाच्या गाड्या करण्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे गणित निराळे शिकवावे लागू नये.

ही युक्ती विमानांनी फार पूर्वीच उचलली. 25 नोव्हेंबर 1940 रोजी प्रथम उडालेले इंग्लंडचे 'मॉस्किटो' हे लढाऊ विमान बर्च लाकडाच्या पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून केलेले होते, आणि त्याचे भाग बनवायला फर्निचरचे कारागीर लावले होते. पुढे अमेरिकेत बर्ट रुटन यांनी 'व्हेरिइझी' नावाचे छोटे विमान फोमवर काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी चढवून केले. ते 1975 साली उडाले आणि त्याचे आराखडे घेऊन सामान्य लोकांनी घरी विमाने बांधली. जे विमान उडवते ते चाकांवरची खोली नक्कीच धरील, असे ट्रेलरवाल्यांना वाटले असल्यास नवल नाही.

खरी मौज कातडीत आहे. ज्याने मखराला कधी ऑइलपेंट दिला आहे त्याला ठाऊक असेल की थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डे पडतात. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन हे सगळे पॉलिस्टायरिनचे वैरी. होड्या करण्यासाठी वापरतात ते स्वस्त पॉलिस्टर रेझिनही त्याला खाते. इपॉक्सी खात नाही, पण ते महाग पडते आणि त्वचेला बाधते. मग या लोकांनी काय केले? ते मागे गेले. अमेरिकेच्या मेन राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडी होडीवर कॅनव्हास ताणून, त्याची छिद्रे बुजवून वर रंग देत. तोच मार्ग यांनी फोमसाठी धरला. रंगारी काम करताना जमिनीवर अंथरतात ते जाड सुती कापड आणायचे. सुताराचा गोंद, आपल्या फेविकॉलच्याच जातीचा पण पाण्याला टिकणारा, थोडे पाणी घालून सैल करायचा. फोमचा गुळगुळीतपणा खरवडून काढायचा, गोंद लावायचा, ओलसर कापड पसरून त्यावरून पुन्हा गोंद फिरवायचा. सुती कापड वाळताना आक्रसते आणि ढोलकीच्या पुडीसारखे ताठ बसते. त्यावर घराच्या बाहेरच्या भिंतींना देतात तो पाण्यात कालवायचा रंग: पहिला हात पातळ, धाग्यांत मुरण्यासाठी, आणि नंतरचे जाड. उन्हाने फोम पिवळा पडून त्याची भुकटी होते. रंग ती होऊ देत नाही. फांदी लागून कातडी फाटलीच तर तिथे कापडाचे ठिगळ चिकटवून रंग द्यायचा. गोधडीला ठिगळ लावणाऱ्याला हे सहज जमेल.

इथे एक खोच आहे. हा पांढरा-पिवळा गोंद पाणी उडून गेल्यावरच घट्ट होतो. कापडातून पाणी उडते, पण फोमच्या दोन तक्त्यांमध्ये भरलेल्या गोंदाचे पाणी जाणार कुठे? तो आठवडेच्या आठवडे ओला राहतो. म्हणून तक्ता तक्त्याला जोडताना ओलाव्यानेच घट्ट होणारा पॉलियुरेथेन गोंद वापरतात. दुसरी खोच स्क्रूची. फोमला पसरलेला भार चालतो, एका टोकावर आलेला चालत नाही. बिजागरी, कडी, खिडकी, चौकटीला धरणारे बोल्ट, असे जिथे ओढ एका जागी येते तिथे फोम कोरून लाकडी पट्टी बसवतात आणि मग कापड चढवतात. दाराभोवती तर पूर्ण लाकडी चौकटच लागते. वजनाची मांडणीही पाहावी लागते. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग मोटारीच्या जोडावर यावा. तो कमी झाला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा झुलू लागतो. आणि हवेची वाट ठेवावीच लागते, नाहीतर दोन माणसांच्या श्वासाचे पाणी सकाळी छतावरून टपकते.

या कापडी कातडीला तिकडे 'पुअर मॅन्स फायबरग्लास' म्हणतात, म्हणजे गरिबाचे फायबरग्लास. ज्याच्याजवळ मोटार आहे आणि हौसेने रानात राहायला जाण्याइतकी सुट्टी आहे, तो तिथला गरीब! हे नाव वाचले तेव्हाच मी या विषयात गुंतलो. माझे आईवडील बीड जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. तेवढे महिने घर म्हणजे कोपी: बांबूच्या कामट्या, चटई, पाचट आणि वर प्लास्टिकचा कागद. मीही त्यात वाढलो. जानेवारीत पहाटे चटईच्या फटींतून वारा येतो आणि मार्चमध्ये दुपारी आत बसवत नाही. दोन इंची फोमचे आकडे मांडताना माझ्या डोळ्यांपुढे तळे नव्हते, कारखान्याशेजारचे ते मोकळे रान होते.

म्हणून मी फोमला कोपीच्या तराजूत तोलून पाहिले. वजनात तो जिंकतो. सगळ्या भिंती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एका बाजूला मावतील. उबेतही जिंकतो. पण विस्तवापुढे हरतो. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, पेटले की वितळून ठिबकते आणि काळाकुट्ट, घातक धूर सोडते. आग रोखणारे द्रव्य त्यात मिसळलेले असले तरी तेवढ्याने निर्धास्त राहता येत नाही. थेंबाच्या ट्रेलरमध्ये चूल मागच्या झाकणाखाली, झोपण्याच्या खोलीबाहेर असते. कोपीत चूल आणि अंथरूण यांत दोन हातांचे अंतर असते. पाचटही पेटतेच, हे खरे. पण पेटत्या पाचटातून माणूस चटई फाडून बाहेर पडतो. वितळत्या छताखालून तो कसा निसटेल? फोमच्या कोपीचा विचार मी तिथेच सोडला.

दिवाळीआधी आईला हे सगळे समजावून सांगितले. तिने थेंबाचे चित्र पाहिले आणि विचारले, "ह्याला दार हाय का?" कोपीला दार नसते, पडदा असतो. आम्ही फडात गेल्यावर भांडीकुंडी उघड्यावर आणि रात्री ती जागी. तिला भिंतीच्या जाडीत रस नव्हता, तिला आतून लावता येणारी कडी हवी आहे. फडकी चटई कुणीही कापू शकतो, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "कापू दे, पन आवाज तर हुईल."

दाराला फोम लागतच नाही. दोन बाय एक इंचाच्या पट्टीची, पाच फूट उंच आणि अडीच फूट रुंद चौकट आणि तशाच पट्टीचा दरवाजा, दोन्ही मिळून साधारण तीस फूट लाकूड होते. वजन सात किलोंच्या आसपास. दरवाजाच्या सांगाड्यावर बांबूची चटई ठोकून तिच्या दोन्ही बाजूंना जुने सुती धोतर गोंदाने चिकटवायचे आणि रंगाचे तीन हात द्यायचे. गोंद, बिजागऱ्या आणि कडी आणली आहे. लाकूड गावच्या सुताराकडे पडलेल्या तुकड्यांतून मिळणार आहे.