तहान, घाम आणि मीठ



१४ एप्रिलची जयंती आणि वैशाख पौर्णिमा हे आपले दोन्ही मोठे दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. काही वर्षांपूर्वी मिरवणुकीत एक वयस्क आई चक्कर येऊन खाली बसल्या. आम्ही घाईघाईने रंगीत सरबताचा पेला पुढे केला. त्यांना तो नकोसा झाला. शेजारच्या आजींनी घरातून मीठ घातलेले पातळ ताक आणले आणि त्यांना सावलीत बसवून घोटघोट पाजले, तेव्हा कुठे त्यांना हुशारी आली. त्या प्रसंगाने आम्हांला विचार करायला लावले.

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. दिवसभर उन्हात राबून नुसतेच पाणी पीत राहिल्यास मिठाची उणीव भरून येत नाही. आपल्या आयाबायांनी शेतावर आंबील, ताक, कैरीचे पन्हे नेले ते उगाच नव्हे. कोलकात्यातही कोऱ्या चहात लिंबू व काळे मीठ घालून पितात.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईनचा साठा अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे दिले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. मीठ व साखर योग्य प्रमाणात असली की आतडी पाणी लवकर शोषून घेतात, हे त्यामागचे शास्त्र.

याहून जुना दाखला विनयपिटकात आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात पोटातील वाताने त्रासलेल्या एका भिक्खूला लोणसोवीरक, म्हणजे मीठ घातलेली आंबट कांजी पिऊन आराम पडल्याचे सांगितले आहे. तथागतांनी ती आजाऱ्याला तशीच आणि निरोग्याला पाणी मिसळून पिण्याची अनुज्ञा दिली. आम्हांला हा भेद मोलाचा वाटतो. पेय तेच, पण प्रमाण गरजेप्रमाणे. मध्यम मार्ग पेल्यातही असतो!

म्हणून मिरवणुकीच्या वाटेवर पाण्याच्या पिंपाशेजारी पातळ ताकाचे पिंपही ठेवावे. मीठ चवीपुरतेच घालावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून द्यावे. माणूस बेशुद्ध असेल किंवा बरळत असेल, तर तोंडात काहीही ओतू नये. सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि त्वरित दवाखाना गाठावा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. त्यांच्या जयंतीत आपले एकही माणूस तहानेने कोसळू नये, एवढी काळजी आपण घेऊ या.

जय भीम! नमो बुद्धाय!